दोन खुणा आणि एक पट्टा

आमचे गाव सडक अर्जुनी. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी नावाची तालुक्याची गावे दोन. एक अर्जुनी मोरगाव. दुसरी सडकेवरची, म्हणून सडक अर्जुनी. ही सडक साधीसुधी नव्हे. तो राष्ट्रीय महामार्ग आहे. त्याचा जुना क्रमांक ६. आता त्याला ५३ म्हणतात. रात्रभर ट्रक चालू असतात. झोपेतसुद्धा कानावर इंजिनाचा आवाज येतो.

पूर्वी आमच्या अंगणात बंडी उभी असायची. आता तिच्या जागी काकांची जुनी मोटार उभी असते. ती आहे मारुती ८००. ही मोटार १९८३ च्या डिसेंबरात पहिल्यांदा सडकेवर आली. २०१४ च्या जानेवारीत कारखान्याने ती बनवणे बंद केले. पण बनलेल्या गाड्या थोड्याच थांबतात! शहरात एकाने वापरली, मग दुसऱ्याने. तिसऱ्या हाताला ती खेड्यात येते. काकांची गाडी अशीच तिसऱ्या हाताची.

गाडी घेतली तेव्हा तिच्या समोरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलेला होता. त्यावर पहिल्या मालकाने पेनाने लिहिले होते, "टायमिंग पट्टा ९०,००० ला बदला." काका रोज झाकण उघडून पाणी बघत, मोबिल बघत. कागद डोळ्यांसमोर असे. पण काकांना तेव्हा वाचता येत नव्हते. आणि मला वाचता येत होते, तर मी कधी झाकणात डोकावलो नाही.

मुरदोलीच्या जंगलात

२०१६ सालचा जुलै महिना. रोवणी चालू होती. आजोबांना गोंदियाच्या दवाखान्यातून सुटी मिळाली होती. त्यांना घेऊन आम्ही रात्री निघालो. गोरेगाव मागे पडले. मुरदोलीचे जंगल लागले. पाऊस होता.

एकाएकी गाडी बंद पडली. धक्का नाही, धूर नाही, मोठा आवाज नाही. वाऱ्याने दिवा विझावा तशी विझली. गाडी होती त्या जोरावर थोडी पुढे गेली आणि थांबली.

काकांनी चावी फिरवली. स्टार्टर फिरला. पण आवाज निराळाच. नेहमी इंजिन जड जात्यासारखे घुरघुरत फिरते. त्या रात्री ते हलके, भरभर फिरले. जसे जात्यात दाणेच नाहीत. पेट्रोल होते. बॅटरी चांगली होती. पण इंजिन काही धरेना.

आजोबा मागच्या सीटवर आडवे. बाहेर काळोख. तो भाग नवेगाव आणि नागझिरा यांच्या मधला. वाघ-बिबट्यांची ती जाण्यायेण्याची वाट आहे. खाली उतरायची सोय नाही. दोन तास आम्ही काचा लावून बसलो. शेवटी एका ट्रकवाल्याने दोर बांधून गाडी कोहमाऱ्यापर्यंत ओढत आणली.

सकाळी मिस्त्रीने पुढचे झाकण खोलले. आतून तुटलेला पट्टा काढून काकांच्या हातावर ठेवला. मग त्याची नजर त्या कागदावर गेली. त्याने तो मोठ्याने वाचला. गाडीच्या घड्याळात तेव्हा १,०७,३४० किलोमीटर झाले होते.

काका काही बोलले नाहीत. त्या हिवाळ्यात ते रात्रीच्या वर्गाला जाऊ लागले.

हा पट्टा करतो काय?

दोघी बाया एका उखळात धान कांडताना तुम्ही पाहिल्या असतील. एकीचे मुसळ वर, तेव्हा दुसरीचे खाली. दोघींचा ताल एक. ताल चुकला की मुसळावर मुसळ आदळते.

इंजिनात असाच ताल असतो. मारुती ८०० च्या इंजिनात तीन नळकांडी आहेत. प्रत्येक नळकांड्यात एक दट्ट्या वर-खाली होतो. मिस्त्री त्याला पिस्टन म्हणतात. हे दट्टे खाली एका वाकड्या दांड्याला जोडलेले असतात. त्या दांड्याला क्रँक म्हणतात. क्रँक फिरतो, म्हणून चाके फिरतात.

इंजिनाच्या डोक्यात दुसरा दांडा असतो. तो कॅम. त्यावर उंचवटे असतात. उंचवटा फिरून आला की झडप दबते आणि उघडते. उंचवटा गेला की झडप मिटते. एका झडपेतून पेट्रोल मिसळलेली हवा आत येते. दुसरीतून जळका धूर बाहेर जातो.

आता ताल पाहा. इंजिन चार कामे करते. हवा आत घेते, ती दाबते, ठिणगीने पेटवते, आणि धूर बाहेर टाकते. या चार कामांत क्रँकचे दोन फेरे होतात. पण प्रत्येक झडप एकदाच उघडायची असते. म्हणून क्रँकचे दोन फेरे, तर कॅमचा एक. यासाठी कॅमच्या चाकाला क्रँकच्या चाकाच्या दुप्पट दाते असतात. या दोन चाकांना बांधून ठेवतो तो हा रबरी पट्टा. त्यालाही आतून दाते असतात. दात्यात दाता बसतो, म्हणून पट्टा घसरत नाही. चक्कीचा सपाट पट्टा थोडा घसरला तरी चालते, पीठ जरा हळू पडेल इतकेच. हा पट्टा एक दाताही घसरून चालत नाही.

असा दात्यांचा पट्टा आधी निघाला तो शिवणयंत्रासाठी, अमेरिकेत, १९४० नंतरच्या काही वर्षांत. मोटारीच्या इंजिनात तो आला १९६२ साली, जर्मनीतल्या ग्लास नावाच्या कंपनीच्या मोटारीत. त्याआधी तेथे लोखंडी साखळी किंवा दात्यांची चाके असत. आजही ट्रॅक्टरच्या इंजिनात बहुतेक दात्यांची चाकेच असतात. मारुतीच्या पुढच्या काही इंजिनांत पुन्हा साखळी आली. म्हणून आपल्या गाडीत पट्टा आहे की साखळी, हे आधी गाडीच्या पुस्तकात पाहावे. साखळीच्या गाडीत पट्टा शोधत बसू नये.

पट्टा तुटला की क्रँक फिरतो, कॅम थांबतो. काही इंजिनांत दट्ट्या आणि उघडी झडप यांच्यात जागा असते. तेथे गाडी नुसती बंद पडते. काही इंजिनांत तेवढी जागा नसते. तेथे मुसळावर मुसळ आदळते. झडपा वाकतात, दट्ट्याला मार बसतो, इंजिन खोलावे लागते. डिझेल इंजिनात जागा फारच कमी असते. तेथे पट्टा तुटला म्हणजे बहुधा मोठाच खर्च आला.

किलोमीटर मोजा आणि वर्षेही मोजा

२०२४ च्या डिसेंबरात धान चुरून झाले. हात रिकामे झाले. एका सकाळी काका वही घेऊन माझ्याकडे आले. म्हणाले, "बाबू, हा हिशेब पाय बरं."

वहीत काकांच्या हातचे मोठे, गोल आकडे होते. वर १,६१,०००. खाली १,०७,३४०. वजाबाकी करून उत्तर लिहिले होते ५३,६६०.

मी म्हटले, "काका, अजून वेळ आहे जी. इतक्यात काहून बदलता?"

काका म्हणाले, "किलोमीटर कमी झाले. पण वर्षे किती झाली? दोन हजार सोळापासून आठ. रबर काय नुसतं चालण्यानंच झिजते? उन्हात ठेवलेली रबरी चप्पल पायात न घालताही तडकते."

काकांचे बरोबर होते. पट्ट्याला दोन मुदती असतात. एक किलोमीटरची, एक वर्षांची. जी आधी भरेल ती धरायची. पुष्कळ गाड्यांत ही मुदत ६०,००० ते १,००,००० किलोमीटरच्या दरम्यान असते. पण आपल्या गाडीची मुदत आपल्या गाडीच्या पुस्तकातच पाहावी. जुनी गाडी घेतली आणि पट्टा केव्हा बदलला याची नोंद नसली, तर मुदत भरली असेच समजावे.

पट्टा आणायला आम्ही गोंदियाला गेलो. दुकानदाराने एक पट्टा काढून दिला. दिसायला अगदी तसाच. काकांनी खिशातून २०१६ चा तुटका पट्टा काढला. तो त्यांनी जपून ठेवला होता. त्याच्या पाठीवरचे आकडे आणि नव्याच्या पाठीवरचे आकडे त्यांनी एकेक करून जुळवले. आकडे इंग्रजी वळणाचे होते, पण जुळतात की नाही हे कळायला वळण आड येत नाही. शेवटचा आकडा जुळेना. मग दुकानाच्या पायरीवर बसून दाते मोजले. नव्याला दोन दाते कमी निघाले. दुकानदाराने मुकाट्याने दुसरा पट्टा दिला.

पट्ट्याला ताण देणारी एक लहान पुली असते. तिला टेन्शनर म्हणतात. तीही नवी घेतली. जुनी पुली बिघडली तर नवा पट्टा वाया जातो. काही गाड्यांत पाण्याचा पंपही याच पट्ट्यावर चालतो. तेथे पंपही तपासावा लागतो. आमच्या गाडीत पंप बाहेरच्या पंख्याच्या पट्ट्यावर आहे.

अंगणातले काम

गाडी सपाट जागेवर लावली. इंजिन रात्रभर थंड होऊ दिले. हातब्रेक ओढला. मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावले. गिअर काढून मोकळा ठेवला. बॅटरीची वजा खुणेची तार सोडली. हे विसरू नये. हात पट्ट्यात आणि कोणी पोराने चावी फिरवली, तर बोटे जातील.

पट्ट्याच्या बाजूचे पुढचे चाक काढावे लागते. गाडी जॅकने उचलली आणि खाली मजबूत लाकडी ओंडका सरकवला. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नये. जॅक घसरायला वेळ लागत नाही.

मग पंख्याचा पट्टा काढला. खालची बाहेरची पुली सोडवली. पुढचे झाकण काढले. प्रत्येक ठिकाणचे बोल्ट वेगळ्या वाटीत ठेवले. वाटीत चिठ्ठी टाकली: "पुली", "झाकण". काकूंच्या वाट्या त्या दिवशी काळ्या झाल्या. त्यावर त्या काय बोलल्या ते येथे लिहीत नाही.

आता दोन चाके समोर दिसली. वर मोठे, खाली लहान. वरच्या चाकावर एक खूण असते आणि त्याच्या मागे इंजिनावर एक स्थिर खूण असते. खालच्या चाकाचेही तसेच. वरची खूण वरच्या खुणेसमोर आणि खालची खूण खालच्या खुणेसमोर, एकाच वेळी. ही या कामाची किल्ली. खुणा कोठे आहेत हे प्रत्येक इंजिनात वेगळे असते. तेही पुस्तकात चित्रासह दिलेले असते.

आम्ही प्लग काढले. प्लग काढले की इंजिन हाताने हलके फिरते. मग खालच्या दांड्याच्या बोल्टला पाना लावून क्रँक सावकाश फिरवला. इंजिन चालताना ज्या बाजूला फिरते त्याच बाजूला. उलट नाही. खालची खूण जुळली. पण वरची खूण पार खाली!

मी घाबरलो. काका हसले. "अरे, खालचे चाक दोन फेरे घेते तेव्हा वरचे एक. अजून एक फेरा दे."

आणखी एक फेरा दिला. दोन्ही खुणा जुळल्या. नुसती खालची खूण पाहून जो पट्टा काढतो, तो अर्ध्या फेऱ्याने चुकू शकतो.

जुना पट्टा काढण्याआधी मी पांढऱ्या रंगाचा ठिपका दोन्ही चाकांवर आणि समोरच्या दात्यांवर लावला. हा नुसता आधार. खरी खूण कारखान्याचीच. मग टेन्शनर सैल करून पट्टा उतरवला. हातात घेऊन उलटा वाकवला, तर पाठीवर बारीक भेगा दिसल्या. तळहातावरच्या रेषांसारख्या. बाहेरून झाकण बंद असल्यावर हे कोणाला दिसणार?

पट्टा निघाला की दोन्ही चाके जशीच्या तशी ठेवायची. तेव्हा क्रँक किंवा कॅम फिरवला, तर ज्या इंजिनात जागा कमी आहे तेथे झडप दट्ट्याला लागते.

चाकांच्या मागे मोबिल झिरपले आहे का, ते बोट फिरवून पाहिले. कोरडे होते. ओले असते तर काम तेथेच थांबवून मिस्त्रीकडून आधी सील बदलून घेतले असते. मोबिल लागले की रबर फुगते आणि मऊ पडते. नवा पट्टाही मग फार दिवस टिकत नाही. म्हणून हातही साबणाने धुतले.

नव्या पट्ट्याच्या आत काचेच्या बारीक तंतूंच्या दोऱ्या असतात. ओढायला त्या बळकट, पण दुमडल्या की मोडतात. बाहेरून काही दिसत नाही. म्हणून पट्टा दुमडू नये, पिळू नये, दोरीसारखा गुंडाळू नये. स्क्रूड्रायव्हरने रेटून चढवू नये. पट्ट्यावर बाण असेल, तर तो इंजिनाच्या फिरण्याच्या बाजूला ठेवावा.

मी पट्टा चढवला. टेन्शनरने ताण घेतला. खुणा बरोबर दिसत होत्या. मला घाई झाली होती. मी म्हटले, "झाले जी! लावू का चावी?"

"नाही," काका म्हणाले. "आधी हाताने दोन फेरे."

पाना लावून क्रँक दोन फेरे फिरवला. खालची खूण जुळली. वरची? वरची खूण एक दाता मागे होती.

मी पुन्हा पाहिले. वाकून पाहिले, उभे राहून पाहिले. एक दाता मागेच. झाले असे की मी पट्टा चढवताना टेन्शनर नसलेली बाजू सैल राहिली होती. सगळा सैलपणा टेन्शनरच्या बाजूलाच असायला हवा, कारण तो ओढून घ्यायला तेथे टेन्शनर आहे. दुसऱ्या बाजूचा सैलपणा कोण ओढणार? फेरे दिल्यावर त्या बाजूचा ढिलेपणा चाकात गेला आणि कॅम एक दाता मागे राहिला.

एक दाता म्हणजे बोटाच्या पेराएवढाही नाही. पण तशीच चावी लावली असती, तर निदान गाडी जोर धरली नसती आणि पेट्रोल जास्त प्याली असती. दुसऱ्या एखाद्या इंजिनात झडपही वाकली असती.

पुन्हा खुणा लावल्या. पट्टा उतरवला. या वेळी खालच्या चाकापासून सुरुवात केली. टेन्शनर नसलेली बाजू ताणून धरली, मग वरच्या चाकावर चढवला, शेवटी टेन्शनर. पुन्हा दोन फेरे. फिरवताना पाना कोठेही अडला, तर जोर करायचा नसतो. अडणे म्हणजे आत काहीतरी आदळते आहे. आमचा पाना अडला नाही. दोन्ही खुणा जुळल्या. काका म्हणाले, "आणखी दोन." चार फेरे झाले. खुणा तेथेच. तेव्हा टेन्शनरचा बोल्ट घट्ट केला.

झाकण, पुली, पंख्याचा पट्टा, प्लग, चाक, बॅटरीची तार. काढले त्याच्या उलट्या क्रमाने सगळे बसवले. वाट्या रिकाम्या झाल्या. एकही बोल्ट उरला नाही. बोल्ट उरला असता तर मी मिस्त्रीलाच बोलावले असते. आणि हेही सांगतो, ज्याच्या गाडीत डिझेल इंजिन आहे, इंधनाचा पंप याच पट्ट्यावर चालतो, किंवा ज्याच्याजवळ गाडीचे पुस्तकच नाही, त्याने हे काम अंगणात करू नये. मिस्त्रीकडे न्यावे, पण जवळ उभे राहून खुणा स्वतः पाहाव्या.

काकांनी चावी फिरवली. घुर्र, घुर्र, आणि इंजिनाने धरले. आजोबा ओसरीत बसले होते. आता त्यांना नीट ऐकू येत नाही. पण त्यांनी मान हलवली.

मग काकांनी एक कोरा कागद मागितला. झाकण उघडे ठेवून, गाडीच्या काठावर कागद टेकवून, त्यांनी सावकाश लिहिले. 'टायमिंग' हा शब्द त्यांनी दोनदा खोडला. कागद जुन्या कागदाच्या शेजारी चिकटवला. जुना त्यांनी काढला नाही. नव्यावर असे आहे:

टायमिंग पट्टा बदलला. डिसेंबर २०२४. किलोमीटर १,६१,०००. पुढचा २,२१,००० ला किंवा २०२९ मध्ये. आधी जे येईल ते.